नव्वद किलोचा भाचा

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. पडवीत सूप घेऊन बसायचं, तांदूळ निवडायचे आणि कान उघडे ठेवायचे. खडे बाजूला पडतात, किस्से डोक्यात साठतात. लोक म्हणतात, मी फार चौकशा करते. साफ खोटं! आमच्या आणि जनाभावजींच्या अंगणामधली भिंत छातीइतकीच उंच आहे, त्याला मी काय करू? मान वर केली की दिसतं. आणि बाईमाणसानं काय कायम मान खाली घालूनच बसायचं?

जनाभावजी म्हणजे आमचे शेजारी. वय बेचाळीस, वजन बावन्न. किन्हवलीच्या बाजारात त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. आयुष्यात उचललेली सगळ्यात जड वस्तू कोणती, तर कोऱ्या कागदांचा गठ्ठा. असा माणूस एकाएकी घरच्या घरी बॉडी करायला लागला म्हटल्यावर किस्से होणारच! पाच महिन्यांत इतके झाले की आता पाहुणे आले की चहाच्या आधी तेच मागतात.

*

आधी हे खूळ आलं कुठून ते सांगते.

आमच्या लोकांत रीत आहे. हळदीला मामानं नवरदेवाला खांद्यावर घ्यायचं आणि मांडवात पाच फेरे नाचवायचं. जनाभावजींची बहीण सुनंदा, ती दिलीय धसईला. तिच्या मोठ्या मुलाच्या हळदीला भावजी खाली बसले, नवरा खांद्यावर चढला, बेंजो सुरू झाला आणि भावजी उठेचनात! एक गाणं संपलं. दुसरं लागलं. वर नवरा दोन्ही हात हलवून नाचतोय आणि खाली मामा बेडकासारखा बसलेला. शेवटी पोराच्या काकानं, म्हणजे सुनंदाच्या दिरानं, त्याला अलगद उचललं आणि नाचवलं.

सुनंदाची सासू गोदाआक्का. तिची जीभ म्हणजे नुकता धार लावलेला कोयता. भर मांडवात म्हणाली, "सूनबायच्या माहेरची माणसं जेवायला बरी, उचलायला नाय!"

सगळा मांडव हसला. मीपण हसले, खोटं कशाला बोलू? मग हात धुवायला मोरीकडे गेले तर सुनंदा तोंडावर पाणी मारत होती. मारत होती, मारत होती. तोंडाला हळद लागलेलीच नव्हती.

दोन वर्षांनी धाकट्याचं, रोशनचं ठरलं. रोशन जेसीबी चालवतो. दिवसभर बसून काम, वर वडापाव, वजन अठ्ठ्याऐंशी! सुनंदाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणजे मी ऐकणारच. ती म्हणाली, "दादा, तू नुसता ये. उचलायला त्याचा काका हाय."

भावजींनी फोन ठेवला. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच अंगणातून ऐकू यायला लागलं, "एक... दोन... तीन... आई गं... चार..."

लग्नाला पाच महिने होते.

*

जिम शहापूरला. रोज जाणार कधी नि दुकान उघडणार कधी? मग भावजींनी मोबाईलमध्ये एक हिंदी मास्तर शोधला. तो सारखा ओरडायचा, "भाई लोग, घर पे ही बॉडी बनाओ!" पहिल्या दिवशी त्यानं सांगितल्या वीस उठाबशा. भावजींना वाटलं, आपल्याला घाई आहे. त्यांनी मारल्या शंभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या संडासातून हाक आली. "लता!"

लता म्हणजे त्यांची बायको. ती बाहेरून म्हणाली, "काय वो? पानी संपलं?"

"पानी हाय."

"मग?"

"उठता येत नाय!"

लता हसता हसता तिथेच खाली बसली. मी आमच्या ह्यांना पाठवलं. हे दारापाशी जाऊन म्हणाले, "जना, कडी काढ, हात देतो."

आतून रडवेला आवाज. "भाऊ, कडी वर हाय! उभं राहिल्याशिवाय हात पोचत नाय!"

दार बिजागरीतून काढावं लागलं. ते परत बसवताना आमचे हे म्हणाले, "उद्यापासून व्यायाम कर, पण कडी खाली लाव."

*

मास्तरच्या हातात डंबेल असायचे. भावजींच्या घरात डंबेल कुठून येणार? त्यांनी लताचा वरवंटा उचलला. पण हात दोन, वरवंटा एक. मग भिंतीवरून मुंडकं आलं. "वयनी, तुमचा वरवंटा जरा महिनाभर देता?"

महिनाभर! साखर मागतात, दही लावायला विरजण मागतात, वरवंटा कोण मागतं? पण दिला. महिनाभर आम्ही मिक्सरमधली चटणी खाल्ली, आणि आमचे हे प्रत्येक घासाला भिंतीकडे बघून उसासा टाकायचे.

महिना झाल्यावर भावजी लग्नासाठी शर्ट शिवायला बाजारात टेलरकडे गेले. टेलरनं उजवा दंड मोजला, डावा मोजला, परत उजवा मोजला. मग हळू आवाजात विचारलं, "जनाशेठ, डाव्या हाताला वारं गेलंय काय?"

माझा वरवंटा माझ्या सासूचा, जुन्या पाथरवटाच्या हातचा. लताच्यापेक्षा दीड किलो जड. आणि भावजी तो रोज उजव्याच हातात धरत होते!

भावजी घरी आले आणि त्यांनी हात बदलले. पुढचा महिना डाव्या हाताचा. म्हणजे आमची चटणी आणखी एक महिना मिक्सरमध्ये.

*

मग आलं प्रोटीन. मास्तर म्हणाला, रोज सहा अंडी, पण पांढरंच खायचं. भावजी पांढरं खायचे आणि पिवळं लता टायगरला घालायची. टायगर म्हणजे त्यांचा कुत्रा, आधी बरगड्या मोजून घ्याव्यात असा. महिन्याभरानं छाती भरली ती टायगरची! अंगावर अशी तकाकी आली की वाटेनं जाणारे विचारायचे, "जना, ह्याला काय घालतोस रे?" भावजींकडे बघून कुणीच काही विचारायचं नाही.

दुकानातली अंडी परवडेनात, तर लताच्या कोंबड्यांची सगळी अंडी भावजींच्या पोटात. त्यात एक कोंबडी खुडूक झाली. खुडूक कोंबडीला उबवत बसायला काहीतरी लागतं, आणि बुडाखाली एक अंडं शिल्लक नाही. ती बिचारी क्लुक क्लुक करत अंगणभर जागा शोधत फिरायची.

त्या दिवशी भावजी प्लँक करत होते. प्लँक म्हणजे कोपरं आणि पायाचे अंगठे टेकून फळीसारखं ताठ राहायचं. वीस सेकंदांच्या वर त्यांची मजल नव्हती. कोंबडी आली, तिनं एकदा गोल फिरून बघितलं आणि भावजींच्या पाठीवर चढून पंख फुलवून बसली!

भावजी कण्हले, "लता, हिला काढ."

लता ओट्यावरून म्हणाली, "हलू नका! चार दिवस झाले, एका जागी बसली नव्हती. तिची अंडी कुणी खाल्ली? आता बसू दे घटकाभर."

मोबाईलचं घड्याळ चालू होतं. दोन मिनिटं चाळीस सेकंद! भावजींचं ते रेकॉर्ड अजून मोडलेलं नाही.

मग अंडी बंद झाली आणि सुकट सुरू झाली. कुणीतरी सांगितलं की सुकटीत प्रोटीन अंड्याहून जास्त. भावजी भाजलेली सुकट डब्यात घेऊन दुकानात जायचे आणि दर तासाला मूठ मूठ खायचे, त्याच हातानं झेरॉक्स काढायचे. एका म्हाताऱ्यानं जमिनीच्या कागदांच्या प्रती काढून तालुक्याच्या कचेरीत दिल्या. तिथल्या साहेबानं कागद नाकाशी नेले आणि विचारलं, "आजोबा, शेती आहे की होडी?"

*

तिसऱ्या महिन्यात भाताचं पोतं आलं. पोतं पाठीशी उभं करायचं, खाली बसायचं, खांद्यावर घ्यायचं, उठायचं आणि मग मागच्या मागं सोडून द्यायचं. धप्प! दुपारच्या झोपेतून आमचे हे दचकून उठायचे. "फणस पडला का गो?"

आमच्याकडे फणसाचं झाड नाही.

हळूहळू अर्ध्या पोत्याचं पाऊण झालं, पाऊणचं पुरं झालं. मग एक दिवस भिंतीवरून परत मुंडकं आलं. "वयनी, पोतं काय हलत नाय, माणूस हलतो. आता माणसावर प्रॅक्टिस पायजे. तुमचं वजन किती?"

असं बाईमाणसाला विचारतात? मी सूप उगारलं. मग म्हणतात, "तुमचं नाय वो, भाऊंचं!"

आमचे हे शहात्तर किलो. तयार झाले, कारण त्यांना कुठंही बसायला आवडतं. आमच्याच घरात भावजी खाली बसले, हे खांद्यावर चढले. भावजींचा चेहरा वांग्यासारखा झाला, मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या, आणि उठले! खरंच उठले! लतानं टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वरून आमच्या ह्यांचा आवाज आला. "जना, जरा डावीकडं घे."

भावजी डावीकडे सरकले.

"अजून थोडं."

ह्यांना साखरेचा आजार. म्हणून बेसनाच्या लाडवांचा डबा मी माळ्यावर, जुन्या घमेल्याखाली लपवला होता. चार महिने त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. खांद्यावरून तो सरळ त्यांच्या डोळ्यांसमोर आला! हे तसेच माळ्यावर उतरले, आणि डबा रिकामा होईपर्यंत खाली आले नाहीत.

*

इकडे भावजी चढत होते, तिकडे रोशनही चढत होता. वजनानं! लग्न जवळ आलं की केळवणं सुरू. आज आत्याकडे, उद्या मावशीकडे, परवा चुलत चुलत्याकडे. मटण, वडे, खीर, पुरणपोळी. भाचा गिरणीच्या काट्यावर उभा राहिला तर नव्वद! भावजी एकेका नातेवाइकाला फोन करून सांगायला लागले, "साधंच करा हो. पोराला पोटाचा त्रास हाय." कुणी ऐकतंय का?

शेवटी मामाच्या घरचं केळवण आलं. ते सगळ्यात मानाचं. रोशन मोठ्या आशेनं पाटावर बसला. ताटात काय? उकडलेले हरभरे, काकडी, एक भाकरी आणि अंड्याचं पांढरं. लतानं वाढताना मान वर केली नाही.

रोशननं ताट इकडून तिकडून बघितलं. "मामा, हे केळवण हाय का पथ्य?"

पोर उपाशी निघालेलं माझ्याच्यानं बघवेना. मी त्याला आमच्या पडवीत बसवलं. रस्सा होता, तांदळाच्या भाकऱ्या केल्या. सहावी भाकरी वाढत होते आणि भिंतीवर मुंडकं उगवलं. भावजी नुसते ओरडले नाहीत, किंचाळले. "वयनी! तुमी उचलणार काय त्याला?"

आणि ह्या केळवणाची बातमी धसईला पोचायला कितीसा वेळ? गोदाआक्का म्हणाल्याचं दोन दिवसांत आमच्यापर्यंत आलं. "आधी उचलायला नव्हती माणसं, आता जेवू घालायलापण नाय!"

त्या संध्याकाळी भावजी भिंतीला टेकून उभे होते. मी म्हटलं, "जाऊ दे वो भावजी, म्हातारीचं काय मनावर घेता?"

तर म्हणाले, "म्हातारीचं नाय वो वयनी. सुनंदा बोलली ना, उचलायला काका हाय म्हणून. ती रागानं नाय बोलली. मला वाचवायला बोलली. बहिणीनं भावाला असं वाचवायचं असतं काय?"

मी आयुष्यात पहिल्यांदाच चौकशी अर्धी टाकून घरात गेले. आमचे हे सांगतात, तो दिवस त्यांनी लिहून ठेवलाय.

*

हळदीला आम्ही दोन्ही घरं धसईला गेलो. संध्याकाळची वेळ, मांडव गच्च. रोशनला तेल-हळद चोपडून चोपडून असा गुळगुळीत केला होता की पाटावरून दोनदा घसरला. गोदाआक्का पुढच्या खुर्चीत. काका बाह्या सरसावून उभाच. सुनंदा खांबाआड, हळदीची वाटी हातात, नजर जमिनीवर.

जनाभावजी पुढे आले. कुणीतरी मागून ओरडलं, "मामा, बसायला खुर्ची देऊ?" हशा पिकला. भावजी तिकडं न बघता खाली बसले. रोशन चढला. बेंजो सुरू झाला.

भावजी उठले!

थरथरत नाही, कण्हत नाही. जात्याचा खुंटा उभा राहावा तसे सरळ उभे. मांडवात असा कल्ला झाला की बेंजोवाले आपलंच गाणं विसरले. सुनंदाच्या हातातली वाटी पडली. भावजींनी पहिला फेरा नाचत घातला, दुसरा घातला, पाच झाले. लतानं तोंडात दोन बोटं घालून शिटी मारली. तिला शिटी येते हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

पाच झाले तरी भावजी थांबेनात. सहावा. सातवा. लोक वेडे झाले. "एक नंबर, मामा!" आठव्या फेऱ्याला भावजी माझ्याजवळून नाचत गेले आणि ओठ न हलवता म्हणाले, "वयनी..."

मी म्हटलं, काय? पण ते पुढे गेलेले.

नवव्या फेऱ्याला म्हणाले, "...उतरवायचा..."

दहाव्याला म्हणाले, "...कसा?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाच महिने हा माणूस नुसता उचलायला शिकला होता! पोतं काय, उठलं की मागच्या मागं टाकलं. नवरदेव असा टाकता येतो काय? गुडघे थोडे वाकवायला गेले की पाय लटलट कापत. उभं राहायचं नाहीतर फिरत राहायचं, तिसरा मार्ग नाही. वर रोशन आनंदात रुमाल फिरवतोय, खाली मामाचा घाम हळदीत मिसळून पिवळा वाहतोय.

बाराव्या फेऱ्याला गोदाआक्का खुर्चीतून उठली. दोन्ही हात जोडून म्हणाली, "पुरे रे बाबा जना! कळलं सगळ्यांना! सूनबायचं माहेर लय मोठं हाय. उतरव आता माझ्या नातवाला!"

सगळा मांडव भावजींकडे बघायला लागला. आता उतरवायलाच हवं. आणि काका दोन हात पसरून पुढे निघाला. त्यानं हात लावला की सगळ्यावर पाणी!

मी ओरडले, "कुणी हात लावू नका! शिडी आणा!"

मंडपवाल्याची बांबूची शिडी बल्ब लावायला मांडवात होतीच. मी ती खांबाला टेकवली. आक्का म्हणाली, "शिडी कशाला गो?"

मी डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "आक्का, आमच्याकडं रीत हाय. मामाच्या खांद्यावर चढलेला नवरा शिडीनं उतरतो. उठलेला मामा परत वाकत नाय."

आक्कानं माझ्याकडे बघितलं, भावजींकडे बघितलं. मग सुनंदाकडे वळून खेकसली, "उभी काय ऱ्हायलीस? शिडीला हळदकुंकू लाव! तुज्या माहेरची रीत हाय ना?"

सुनंदानं हळदकुंकू लावलं. मान वर होती तिची. रोशन एकेक पायरी मोजत उतरला. भावजी तसेच उभे राहिले, मांडव रिकामा होईपर्यंत. लोकांना वाटलं, काय रुबाब!

ह्याला आता बरेच दिवस झाले. परवा मी शेणव्याला एका हळदीला गेले होते. तिथे ना आमच्या गावचं कुणी, ना धसईचं. मामा चांगला पैलवानगडी, नवरा काडीसारखा, एका हातानं उचलून एका हातानं ठेवला असता. पण मांडवाच्या मधोमध शिडी उभी. झेंडूच्या माळा, आंब्याचे टहाळे, पाच सवाष्णी रांगेनं तिला हळदकुंकू लावतायत. शेजारी एक म्हातारी बसली होती. मी सहज विचारलं, "आजी, हे काय गो नवीन?"

म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "नवीन? माज्या पणजीच्या लग्नापास्नं चालत आलंय! तुमच्याकडं नाय शिडी?"

"नाय," मी म्हटलं.

"अगो बाय!" तिनं कपाळाला हात लावला. "मग तुमी नवरा उतरवता कसा?"